आठवीचा वर्ग आला त्या दिवशी

सरकारी बातमी आम्हा शिक्षकांपर्यंत कशी पोचते, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. ती मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये येते, पीडीएफच्या रूपात, वर ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहून. आता दिवसभरात इतकी अत्यंत महत्त्वाची पत्रकं येतात की ती उघडतो कोण? खाली नमस्काराचे हात टाकायचे नि पुढच्या तासाला पळायचं, ही आमची रीत. हात टाकले म्हणजे वाचलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

मी मीरा रोडला, हाटकेशच्या बाजूच्या पालिकेच्या मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका होते. शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी मराठी शाळा हवी तर हायवे ओलांडून काशीमीरा नाक्याच्या पलीकडे जायचं. मुलगे जायचे. मुली मात्र निकाल लागला की गळायच्या. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसायची, कोणी गावी रवाना व्हायची. आठवीचा वर्ग मिळावा म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दरवर्षी प्रस्ताव पाठवायच्या. वर कुठेतरी त्याचं लोणचं मुरत असणार, असं मी त्यांना चिडवायचे.

त्या वर्षी जी मुलगी गावी जाणार होती ती माझी लाडकी होती, सरळच सांगते. हुशार म्हणून नव्हे, भांडखोर म्हणून. फळ्यावर माझं काही चुकलं की ती हात वर न करताच बोलायची, "बाई, तुम्ही फार घाई करता." वडील मूळचे रत्नागिरीकडचे, काशीमीराच्या एका गोदामात माल उतरवायचे. तिला गावी आपल्या भावाकडे ठेवायचं त्यांनी नक्की केलं होतं. मी घरी जाऊन डोकेफोड केली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ते ट्रक मी रोज बघतो. तुमी न्हाय बघत." मी भयंकर चिडले. घरी येऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

निकालाच्या दिवशी ते आले, शाळा सोडल्याचा दाखला घेतला, मला हात जोडले. गावची गाडी दुपारची होती, हायवेवरच्या काशीमीरा नाक्यावरून. मुलगी पाठ करून उभी राहिली.

मग मी रिकाम्या वर्गात बसून निकालपत्रकांचे फोटो वर पाठवायला घेतले, तर फोन म्हणतो जागाच नाही. वैतागून ग्रुपमधल्या पीडीएफ उडवायला लागले. एक उडवताना चुकून उघडली गेली. शाळांची लांबलचक यादी होती, आणि मधेच आमच्या शाळेचं नाव. वर सरकवून वाचलं. राज्यात ज्या शाळांना यंदा आठवी जोडायला मंजुरी मिळाली, त्यांची ती यादी होती! मुलांना पुस्तकं मोफत, गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना सुट्टीत प्रशिक्षण, सगळं मंजूर. पत्रक येऊन कितीतरी दिवस झाले होते. खाली आम्हा सगळ्यांचे नमस्काराचे हात. मोठ्या बाईंचेही होते. माझे तर दोनदा होते.

मी अशी किंचाळले की मोठ्या बाई चप्पल न घालता धावत आल्या. त्यांना वाटलं पंखा पडला. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्या वाचत गेल्या, वाचता वाचता बाकावर बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. "वाचनाचा तास घेतो आपण पोरांचा!" त्यांना पुढे बोलवेना. मग एकदम उठून त्यांनी मला दाराकडे ढकललं. "बघत काय बसलीस? गाडी गाठ!"

रिक्षावाल्याने माझा अवतार पाहून विचारलं, "मॅडम, हॉस्पिटल जाना है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, काशीमीरा. हमारे स्कूल में आठवीं आ गयी!" त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने रिक्षा पळवली खरी. नाक्यावर ट्रकांच्या धुरात, पिशव्यांच्या ढिगाशी बाप-लेक उभे होते. मी जवळजवळ त्यांच्या अंगावरच जाऊन आदळले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्ग आला, चांगलं झालं. पन बाई, शिकवनार कोन?"

प्रश्न अगदी बरोबर होता. वर्ग कागदावर येतात नि शिक्षक येत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "मी शिकवणार. बीएस्सी झालेय मी. विसरले असेन तर परत शिकेन, पण शिकवेन मीच."

मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, बीजगणितात पण घाई करणार काय?"

"तू आहेस ना रोखायला," मी म्हटलं. ती हसली. वडील हसले नाहीत. तेवढ्यात गाडी आली. "टिकट काढलंय," ते म्हणाले. "सुट्टीला जाऊ दे. जूनचं जूनला बघू." ‘बघू’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. त्यात होही असतं नि नाहीही असतं. गाडी निघून गेली आणि मी त्या धुरात उभी राहिले.

पण तो मे महिना! मी प्रशिक्षणाला गेले, घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर समीकरणं सोडवली, भात दोनदा करपवला. मोठ्या बाईंनी सामानाची खोली रिकामी करून वर्ग रंगवून घेतला. आम्ही दोघी उन्हात चाळी-बिल्डिंगा हिंडलो, आधी गळालेल्या मुलींच्याही दारात गेलो. दार उघडताच मोठ्या बाई ओरडायच्या, "आठवी आलीय हो आपल्याकडे!" जणू लेकीचं लग्न ठरलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, आणि नव्या वर्गात खरोखरीच्या मुली बसलेल्या! ती मात्र नव्हती. प्रार्थना झाली, पुस्तकं वाटून झाली. एक संच मी टेबलावर ठेवून दिला आणि त्याच्याकडे बघायचं टाळत हजेरी घ्यायला लागले.

आणि दारात आवाज आला, "बाई, गाडी घाटात अडकली."

ती होती. मागे वडील, आणि तिच्या दंडाला धरून, तिच्याच वयाची, दोन वेण्या घातलेली आणखी एक मुलगी. "ही भावाची," वडील म्हणाले. "तिथं हायस्कूल लांब, जंगलातून वाट. वर्ग आला सांगितलं, तर भाऊ बोलला, हिला पन घेऊन जा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोली लहान हाय. पन राहतील दोघी."

मी रडले. लपवलं नाही. फुलं संपली होती, म्हणून मोठ्या बाईंनी स्वतःच्या वेणीतला गजरा तोडून दोघींना अर्धा अर्धा दिला. नवी मुलगी तो मुठीत घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "बाई, ही शाळा धावीपर्यंत हाय ना?"

वर्गातल्या मुलींनी पुस्तकांतून माना वर केल्या. सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या.

"आहे," मी म्हणाले, आणि मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंबरोबर नववीचा प्रस्ताव लिहायला बसले.