गच्चीवरची राखण

चुका शोधणं हा माझा धंदा आहे. पुस्तकं छापायला जाण्याआधी मी ती घरी बसून तपासते. सुटलेला अनुस्वार, चुकलेली वेलांटी, मधेच बदललेलं लिंग. स्वभाव असा म्हणून हा धंदा मिळाला, की धंद्यामुळे स्वभाव असा झाला, हे आता सांगता येणार नाही. घरात मला 'खुसपटकाढी' म्हणतात. आणि मे महिना लागला की माझं खुसपट कागदावरून उठतं आणि माणसांवर बसतं. कोण बिनटोपीचं बाहेर गेलं, कोणी सकाळपासून पाणी प्यायलं नाही, कोणाचा चेहरा उतरलाय. माझं मलाच नकोसं होतं, पण डोळे थांबत नाहीत.

भाईंदर पूर्वेचा उन्हाळा अंगाला चिकटणारा. खाडी जवळ, त्यामुळे घाम येतो तो वाळायचं नावच घेत नाही. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत राहतो. दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं येतं की चहाला आधण ठेवायची गरज नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज उष्णतेच्या इशाऱ्यांचे मेसेज येतात, त्याखाली जोडलेल्या हातांची चार चित्रं येतात, आणि ज्यांनी हात जोडले तेच भर दुपारी कैऱ्या आणायला बाजारात निघतात.

आईला हे मेसेज वाचून दाखवले की ती म्हणायची, "ऊन लागायला हे काय नागपूर आहे?"

आई मूळची रत्नागिरीकडची. बाबा गेल्यापासून माझ्याकडे असते. तिच्या मते ऊन लागणं हा घाटावरच्या आणि त्याही पलीकडच्या लोकांचा आजार. कोकणातल्या माणसाला फार तर 'उष्णता होते', आणि त्यावर कोकम आहे, सब्जा आहे, तळपायाला लावायला तूप आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूही तिच्याच पंथाच्या. त्या अलिबागकडच्या. "घाम येतोय ना? मग सगळं बाहेर जातंय," असं दोघी एका सुरात सांगायच्या. हवेत ओल असली की घाम वाळत नाही, आणि वाळला नाही की अंग थंडच होत नाही, हे मी वाचलेलं होतं, समजावलेलंही होतं. पण वाचलेल्याला आमच्याकडे कोण विचारतो!

गेल्या मेमधल्या आमच्या भांडणाचं मूळ होतं गच्चीवरचं वाळवण. आमच्या इमारतीत मे महिन्यात गच्चीवर सगळा हिंदुस्थान वाळत पडतो. आमचे पोह्याचे पापड आणि सांडगी मिरच्या, तळमजल्यावरच्या मारवाडी भाभींच्या मुगाच्या मंगोड्या, तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती खिचिया पापड. बोंबील तेवढे नाहीत. काकूंनी एकदा उत्तनहून आणलेले बोंबील वर पसरले होते, त्यावरून जी मीटिंग झाली तिची आठवण अजून कोणी काढत नाही. बाकी सगळं एकोप्यानं चालतं. फक्त कावळे आणि कबुतरांना एकोप्याचं काही कळत नाही, म्हणून कोणाला तरी राखणीला बसावं लागायचं. सकाळची राखण वाटून घेतली जायची. भर दुपारची आई घ्यायची, आणि मागून घ्यायची.

"सगळ्या नोकरीवाल्या, नाहीतर पोरांच्या मागे. मी बसून काय करू?" असं तिचं म्हणणं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून ती हातात काठी घेऊन बसायची. सावली सरकली की खुर्ची सरकवायची. एक वेळ अशी यायची की सावलीच उरायची नाही. तेव्हा डोक्यावर पदर.

मी पाण्याची बाटली देऊन पाठवायची, ती भरलेलीच परत यायची. आधी वाटलं विसरते. मग कळलं की ती मुद्दाम पीत नाही, कारण गच्चीवर संडास नाही आणि सारखं खाली यायला गुडघे तयार नसतात. त्यात ब्लडप्रेशरची गोळी अशी की पाणी शरीरात ठरू देत नाही. हे कळल्यापासून माझं कामात लक्ष लागेना. एक पान तपासायचं, जिना चढायचा, तिला बघायचं, तिनं हाकललं की खाली यायचं, तेच पान पुन्हा वाचायचं. त्या महिन्यात मी किती चुका सोडल्या असतील, देव जाणे.

एका सकाळी मी सरळ सांगितलं, "आज वर जायचं नाही. हवा बघ कशी पडलीय."

आई चिडली. आणि आई चिडली की मला 'तुम्ही' म्हणते. एरवी 'काय गो', 'ऐक गो' चाललेलं असतं, पण राग आला की आदर सुरू. "बरं बाईसाहेब, तुमचा हुकूम. तुम्ही म्हणाल तेव्हा बसू, तुम्ही म्हणाल तेव्हा उठू." त्यातला 'म्ही' ती असा लांबवते की ऐकणाऱ्याच्या कानाला चिमटा बसतो. मीही पेटले. तिला म्हटलं, तुझ्यापुढे डोकं फोडून काही उपयोग नाही, कर काय करायचं ते. ती काठी घेऊन गेली. काकू सोबत होत्या, तेवढाच आधार.

दुपारी मी दोनदा वर जायला उठले आणि दोनदा बसले. राग होता ना. काकू आहेत वर, असं स्वतःला समजावलं. काकू मात्र जेवायला खाली आल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं.

मग बेल वाजली. दारात आई होती, मागे काकू. काकूंना ती जिन्यात भेटली होती. आईचा चेहरा लाल, पायात एकच चप्पल. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुम्ही घरी आहात होय? मी जरा बसू का?"

काकूंना हसू आवरेना. "आज आई भलतीच रागावलीय गं तुझ्यावर."

मलाही सकाळचा राग होताच. मी दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "बसा ना. घर तुमचंच आहे."

ती आत आली. सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, गुडघे जुळवून, पदर सारखा करून. मी पाणी आणायला वळले तर म्हणाली, "राहू द्या हो, तुम्ही कशाला त्रास घेता."

काकू अजून हसत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. शब्द सकाळचेच होते. पण 'म्ही' लांबलेला नव्हता. साधा, सरळ, सभ्य 'तुम्ही', परक्या घरी गेल्यावर आपण म्हणतो तसा. ती मला टोमणा मारत नव्हती. मी कोण, हेच तिला माहीत नव्हतं.

मी धावत येऊन तिच्या कपाळाला हात लावला. तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तसं झालं. मान कोरडी, ब्लाउजवर घाम वाळून पांढरे डाग पडलेले. आणि घाम? घाम नव्हताच.

"ऊन लागलंय हिला," मी ओरडले.

"काहीतरीच काय! थकलीय ती. पडू दे जरा, मी कोकम करून आणते," काकू म्हणाल्या.

"काही पाजायचं नाही! ती भानावर नाहीये, घशात अडकेल. आधी भाभींना हाक मारा, बर्फ आणायला सांगा."

नळाचं पाणी कढत, म्हणून मी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या चादरीवर ओतल्या. पंखा पूर्ण सोडला. आईला जमिनीवर निजवलं आणि तिची साडी सोडायला लागले. तेव्हा तिनं माझा हात धरला. जोर नव्हता त्यात. "अहो, हे काय करताय? असं करू नका हो," ती म्हणाली. तिला लाज वाटत होती. माझी लाज वाटत होती तिला! मला आयुष्यात इतकं कशाचं वाईट वाटलं नसेल. मी रडत होते आणि तिचे हुक काढत होते, आणि ती एका अनोळखी बाईला हात जोडून नको म्हणत होती.

भाभी बर्फ घेऊन आल्या. मारवाडातल्या असल्यामुळे त्यांना एक नजर पुरे झाली. "लू लगी है. बगल में रखो बर्फ, गर्दन पे रखो." काकू ओली चादर हलवून वारा घालत होत्या, तरी म्हणाल्याच, "पण आपल्याकडे लू कुठली?" भाभींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाभींच्या मिस्टरांनी गाडी दाराशी लावली होती. ओल्या चादरीत गुंडाळून, एसी सोडून आम्ही आईला दवाखान्यात नेलं. सगळा रस्ता मी तिला हाका मारत होते. "आई, अगं आई." ती अधूनमधून सभ्यपणे "हो हो" म्हणत होती.

डॉक्टरांनी आत घेतलं, सलाईन लावलं. मी बाहेर फेऱ्या मारत राहिले, भाभी बस म्हणाल्या तरी. संध्याकाळी आत बोलावलं तेव्हा आईचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पापड कोणी काढले गो?" मी बाहेर आले आणि भाभींच्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडले.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बोलण्यात गोंधळ दिसला की थांबायचं नाही, हे बरोबर केलंत. मी मान हलवली. दारात मीही तिला "बसा ना" म्हटलं होतं, ते त्यांना कुठं सांगत बसू.

आमच्या इमारतीत त्यानंतर बरंच बदललं. वाळवण आता सकाळीच घालतात, वरून जाळी पसरतात आणि ऊन चढलं की गच्चीला कुलूप. कावळ्यांनी नेलं तर नेलं. दुपारी कोणाची बेल वाजवायची नाही हा आमच्याकडचा जुना शिष्टाचार, तोही मोडला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची दारं मुद्दाम दुपारीच वाजवतात आणि दोन वाक्यं बोलून घेतात. काकू तर नाव, गाव, वार सगळं विचारतात, म्हणून पहिल्या मजल्यावरचे आजोबा त्यांना बघून दार लावून घेतात. आईनं पाणी प्यायला सुरुवात केलीय. नागपूरचं नाव ती काढत नाही.

मी मात्र तशीच आहे, उलट वाढलेच आहे. या मेमध्ये एकदा डब्याच्या झाकणावरून आमची जुंपली. आई म्हणाली, "बरोबर आहे, तुम्ही शिकलेल्या." मी हातातलं झाकण टाकून तिच्या कपाळाला हात लावला. मानेला लावला. विचारलं, "आई, मी कोण?"

ती माझा हात हळूच बाजूला करून म्हणाली, "मला रागवू पण देणार नाहीस का गो तू?"

त्या दिवसापासून ती मला 'तुम्ही' म्हणालेली नाही. राग आला की गप्प बसते, खिडकीपाशी जाऊन उभी राहते. घरात भांडण होत नाही. मी कागद पुढे ओढून बसते, पण कान तिच्याकडेच असतात, आणि त्या गप्प पाठीकडे बघून मला कळत नाही की आई चिडलीय, की तिला बरं नाहीये.