गोडंबीचे लाडू

अमडापूरच्या तानुबाईनं उभा जन्म बिबे फोडण्यात घातला. बिबा म्हणजे काजूचाच रानातला भाऊ, पण स्वभावानं खडूस. काजूसारखंच याचंही फळ, वर केशरी गोड बोंड अन् खाली लटकलेली काळी बी. बोंड वाळवून पोरं खातात. पायात काटा मोडला की बी तापवून चटका देतात. बी दगडावर ठेवून फोडली की आत गोडंबी, बाळंतिणीच्या लाडवात घालायची. पण फोडताना जे तेल उडतं ते पडेल तिथलं कातडं जाळतं. तानुबाईचे हात काळेठिक्कर झालेले, गालावर डाग. सुरुवातीला ती रडायची. पुढं पुढं आगच होईना. तिला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. कसलं सुटलो!

तिची एकुलती एक लेक समता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तसं तानुबाईनं फोडणं बंद केलं. हात चिंचेच्या पाल्यानं घासून घासून, खोबरेल चोळून मगच नात मांडीवर घेतली. एवढीशी पोर ते काळं बोट गच्च धरून झोपायची अन् तानुबाई जागची हलायची नाही. एवढं सुख तिच्या वाट्याला आजवर कधी आलंच नव्हतं.

लाडू करायचे तर दुकानातली गोडंबी कशाला? तिनं स्वतःच्या हातानं फोडून ठेवलेली काढली. या कामातल्या बायांची रीत अशी, की बाळंतिणीची गोडंबी आधी जिभेवर घासून पाहायची. जीभ चुरचुरली तर दाण्याला तेल राहिलंय, टाकून द्यायचा. तानुबाईनं एकूण एक दाणा चाखला. एकानंही जीभ चुरचुरली नाही. चुरचुरणार कशी? हातांसारखी जीभही कधीच मेली होती, अन् ते तिच्या गावीही नव्हतं.

लाडू खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी समताचे ओठ सुजले, तोंडभर फोड आले. अन् तिनं लेकराचे जिथं जिथं मुके घेतले होते, तिथं तिथं लेकराला बिबा उतला, फोड उठले. गाल, मान, पापणी. दवाखान्यात ते कोवळं लेकरू किंचाळत होतं अन् तानुबाई भिंतीवर डोकं आपटून घेत होती. पोर वाचली, पापणीवर व्रण राहिला. समताची सासू मनकर्णाबाई दोघींना सासरी देऊळघाटला घेऊन गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तानुबाईनं बिबे कायमचे सोडले, लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. हात मात्र काळे ते काळेच. वर्षभरानं समतानंच बोलावून घेतलं. नात ओसरीत पावलं टाकत होती. तानुबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून उंबऱ्यापाशीच टेकली. समतानं पोर उचलून तिच्यापुढं धरली.

"घे ना आई. म्या काई म्हतलं का तुले?"

पोरीनं हात पसरले. तानुबाईचे हात पदराबाहेर आले, अन् आले तसे मागं गेले.

"नको वं समता. तिले पोळलं तं माह्या हाताले समजनार नाई."

पोर आजीकडं झेपावून रडायला लागली. ती रडायची थांबेस्तोवर तानुबाई तशीच बसून राहिली, अन् मग न जेवता परतली.