माधवच्या सैन्यातलं माझं पद

माधव गेल्याचं मेधावहिनींनी फोनवर सांगितलं आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, ‘‘सतीशला कळवलंत?’’ ‘‘हो, मघाशीच. त्याला जर्सी सिटीहून फ्लाइट पकडायची होती ना...’’ कारण पटलं. तरी लागायचं ते लागलंच.

माधव आणि मी २००१ मध्ये एकाच प्रोजेक्टवर शिकागोला आलो. नोकरी डेटाबेसची, पण त्याचा जीव बायझंटाईन सैन्यात, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांच्या फौजेत. त्याच्या नेपरव्हिलच्या घरी दर शनिवारी बेसमेंटमध्ये आम्ही जमायचो आणि तो प्रत्येकाला त्या सैन्यातलं एकेक पद द्यायचा. डेव्हन ॲव्हेन्यूवरून सगळ्यांचा किराणा आणणारा कुलकर्णी लोगोथीट झाला, म्हणजे पगार आणि रसद बघणारा. मला केलं द्रुंगारियोस, पहाऱ्याचा प्रमुख. मी खूश होतो. मग २००५ मध्ये सतीश आला, दोन पुस्तकं वाचून आलेला, माधवशी वाद घालणारा, आणि महिन्याभरात ग्रँड डोमेस्टिक झाला. अख्ख्या सैन्याचा सरसेनापती. मी चहा घेऊन खाली उतरेपर्यंत त्या दोघांच्या गप्पांत कुठल्या तरी बंडखोर सेनापतीचे डोळे काढून झालेले असायचे.

‘‘इतकी वर्षं बरोबर आहे मी, आणि मला वॉचमन केलंस?’’ एकदा विचारलंच.

‘‘अरे यार, पहारा सम्राटाच्या तंबूचा असतो. डोमेस्टिक मोठा खरा, पण तो सरहद्दीवर. जवळ कोण असतं?’’

गोड बोलायला काय जातंय, असं मला वाटलं.

पुढे माधवला कॅन्सर निघाला आणि सतीशची नोकरी जर्सी सिटीला गेली. इन्शुरन्ससाठी वहिनींना नोकरी सोडता येईना, म्हणून केमोला मी ड्राइव्ह करायचो. बर्फातून गाडी मी हाकायची आणि शेजारी माधव स्पीकरवर सतीशशी बोलत बसायचा. थकवा कुठल्या कुठे पळायचा त्याचा. माझ्याशी बोलताना मात्र डोळे मिटायचा... जळफळाट व्हायचा माझा, आजारी माणसासमोर.

शोकसभेनंतर सतीश बेसमेंटमध्ये माझ्याजवळ येऊन बसला.

‘‘पद बदलून घेतोस?’’ तो म्हणाला. ‘‘तुझं मला दे. माझं काय, मी फोनवरच होतो रे.’’

त्याचे डोळे भरले होते. माझेही.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

वहिनी आता घर विकायचं म्हणतात. सतीशला माधवची पुस्तकं हवी आहेत, त्याचा हक्कही आहे. पण अजून दर शनिवारी मी जातो, बेसमेंटच्या दाराशी खुर्ची टाकतो आणि एकही पुस्तक कुणाला हलवू देत नाही.