आत्याने कमावलेलं खाचर

नवरा वारल्यावर सासरच्यांनी हाकललेली माझी आत्या मुठ्याला आमच्या घरी परत आली, तेव्हा मी पिरंगुटच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. लग्नात तिने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद वडिलांना करून दिला होता, त्यामुळे मागायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तरी वडिलांनी तिला ओढ्याकडचं एक भातखाचर कसायला दिलं. गावाला ती भावाची माया वाटली. खरं म्हणजे पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात ओढ्याच्या पाण्यावर पुन्हा भात असं करून आम्हीच ती माती मारली होती.

पहिल्या वर्षी आत्याने भात लावलंच नाही. तिने ताग पेरला आणि फुलावर आल्यावर सगळा नांगरून मातीला खत म्हणून चिखलात गाडला. त्या पावसाळ्यात तिच्या हाती एक दाणा आला नाही, ती आमच्यात जेवायची. आई वाढताना भाकरीची टोपली आत्याच्या ताटावरून पुढे न्यायची. वडील विचारायचे, यंदा काय पिकवलंस, चिखल? आम्ही हसायचो. मीही हसायचो.

दिवाळीनंतर तिने हरभरा केला. काढताना उपटला नाही, विळ्याने कापला. मुळ्या जमिनीच्या, वरचं आपलं, असं ती म्हणायची. हरभऱ्याचे आलेले पैसे ट्रॅक्टरवाल्यालाच गेले. पुढच्या पावसाळ्यात भात, त्यावर मसूर. तिसऱ्या वर्षी तिचं भात कमरेला लागलं. शेजारच्या आमच्या खाचरापेक्षा दुप्पट पोती निघाली, तीही निम्म्या युरियात.

वडील जाऊन माती मुठीत दाबून आले. आता ते खाचर आपण करू, तिला वरचं खाचर दे, असं त्यांनी मला सांगितलं. वरचं म्हणजे तसंच मेलेलं. तुम्हीच सांगा, असं मी म्हणू शकलो असतो. पण ते खाचर मलाही हवं होतं.

आत्या अंगणात भात वाळवत होती. ऐकून तिने विचारलं, "दादानं सांगितलं, का तुलाबी वाटतं?"

"दोघांनाबी," मी म्हणालो.

"पहिल्या साली नुसता तोटा असतो," ती म्हणाली. "दुसऱ्या साली जेमतेम. जे काय मिळतं ते तिसऱ्या सालापासनं. तुमी बरोबर तवाच येता."

ती वरच्या खाचरात गेली आणि पुन्हा तागापासून सुरुवात केली. तीन वर्षांनी तेही सुधारलं. तेही आम्ही घेतलं. या वेळी तिने गाव सोडलं. मारुंजीत खोली घेऊन सोसायटीतल्या घरांमध्ये पोळ्या लाटू लागली.

आम्ही दोन्ही खाचरांत वर्षाला दोनदा भात घेतलं. ओढ्याकडचं आधीच उतरणीला लागलं होतं, वरच्याचं पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग पानं पिवळी पडू लागली, युरिया वाढत गेला, आणि चौथ्या वर्षी झोडणीला निम्मं भात पोचट निघालं. वडिलांनी मला तिला आणायला पाठवलं.

तिने चहा टाकला. दोन्ही खाचरं वडील तुलाच देणार आहेत, असं मी सांगितलं. लिहून देईल का, एवढंच तिने विचारलं. मी तिथूनच फोन लावला. खोली लहान होती, वडिलांचा आवाज मोठा.

"बहिणीला कोण लिहून देतं का? दोन-तीन साल करंल, मग बघू."

तिला सगळं ऐकू गेलं. "चहा घे," ती म्हणाली. "निवतोय."

मी चहा पिऊन निघालो. तिने पुन्हा मुठ्यात पाऊल टाकलं नाही. बहिणीने जाताना खाचरांत काहीतरी पुरलं, म्हणून पिकत नाहीत, असं वडील पारावर सांगू लागले. खरं का, असं लोक मला विचारायचे.

"असंल," मी म्हणायचो.