वहिनींच्या झोपेसाठी घेतलेला व्हिला

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकदाच घडत नाही. एकदा ती खरोखर घडते. मग सोलापुरात नव्या पेठेतल्या आमच्या कापड दुकानात गिऱ्हाईक नसलं की गादीवर घडते, आणि पुढं प्रत्येक लग्नात पंगतीला घडते. दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लागतं. पण त्या कोकणातल्या व्हिलाचे किस्से मी जसेच्या तसे सांगतोय. मीठ लावायची गरजच नव्हती, समुद्र शेजारीच होता!

आधी माणसं सांगतो. अण्णा माझे थोरले भाऊ आणि वहिनी त्यांची बायको. आमची आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहिनींच्या हातावरची लग्नातली मेंदी पुरती उतरली नव्हती. तेव्हापासून भवानी पेठेतलं आमचं घर वहिनींच्या जिवावर चाललंय. सगळ्यांच्या आधी उठणार त्या आणि सगळ्यांच्या शेवटी पडणार त्या.

यंदा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण झोप उडाली ती उडालीच. पाठ टेकली की नळाला पाणी आल्यासारखं वाटायचं, कुकर राहिल्यासारखं वाटायचं, आणि बाई उठून उभ्या! शेवटी डॉक्टरांनी अण्णांना केबिनमध्ये बसवून सांगितलं, "गोळ्या मी देतो, पण त्यांनी विश्रांती घेतली नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही. त्यांना त्या घरापासून लांब न्या." अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. इतक्या वर्षांत मी अण्णांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

*

व्हिला शोधला सिद्धूनं. सिद्धू म्हणजे अण्णा-वहिनींचा मुलगा, पुण्यात नोकरीला असतो. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. पांढऱ्याशुभ्र भिंती, छतापर्यंत काचा, अंगणात स्विमिंग पूल आणि पूल संपला की थेट समुद्र.

अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं. जन्म दुकानात गेलेला माणूस! म्हणाले, "फ्रंटेज चांगलं हाय. पण समोर वर्दळ न्हाई की रे!"

"अण्णा, वर्दळ नसण्याचेच पैसे घेतात तिथं," सिद्धू म्हणाला.

आता प्रश्न होता वहिनींना तयार करण्याचा. त्या स्वतःसाठी घराचा उंबरा ओलांडणार नाहीत हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग माझी बायको सुरेखा पुढं झाली. वहिनींपाशी बसली, चेहरा पाडला आणि म्हणाली, "वहिनी, मला लई थकवा आलाय. चार दिवस कुठंतरी जावंसं वाटायलंय."

वहिनी लगेच आमच्यावर उखडल्या. "बघा! पोरगी किती राबती, कुणाचं लक्ष हाय का? उद्याच्या उद्या न्या तिला! मी बी येते, तिची काळजी घ्यायला."

*

निघताना एक नियम केला. खाण्याचं काहीही घ्यायचं नाही, तिथं स्वयंपाकाला बाई आहेत. वहिनींनी मान डोलावली. त्यांची बॅग मी स्वतः उचलून पाहिली, कापसासारखी हलकी. मी खूश!

व्हिलावर पोहोचलो आणि सगळ्यांनी आपापल्या बॅगा उघडल्या. अण्णांच्या इस्त्रीच्या शर्टांमध्ये कडक भाकरीची चवड निघाली. सुरेखाच्या ड्रेसमध्ये शेंगाचटणीची बरणी निघाली. सिद्धूच्या लॅपटॉपच्या कप्प्यात काळ्या मसाल्याची पुडी होती. आणि मी हौसेनं पोहायची चड्डी घेतली होती, ती उलगडली तर आत खलबत्ता!

"माझ्या बॅगेत काय निघालं का?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मग झालं तर."

*

त्या व्हिलाच्या पूलला समुद्राच्या बाजूनं कठडाच नाही. पाणी काठोकाठ भरलेलं असतं आणि त्या बाजूनं सारखं खाली सांडत राहतं. लांबून बघितलं की पूल जाऊन समुद्राला मिळालाय असं वाटतं. लोक त्याच्यासाठीच एवढ्या लांब येतात.

आमच्या वहिनी सोलापूरच्या. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते मर्जीनं येतं, आणि आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात. वहिनींनी ते सांडणारं पाणी पाहिलं आणि पदर खोचला. तिथले केअरटेकर सदानंद, भला माणूस, त्यांना हाक मारून म्हणाल्या, "अवो दादा, नळ राहिलाय की तुमचा! बंद करा आधी!"

सदानंदांनी हसून समजावलं, "काकू, वाया नाय जात. खाली टाकीत पडतं नि तेच पुन्हा वर येतं."

"तेच?"

"तेच."

वहिनींनी पूलकडं पाहिलं, मग पूलमध्ये डुंबणाऱ्या सिद्धूकडं पाहिलं. "सिद्ध्या! बाहेर ये आधी. उष्ट्या पाण्यात अंघोळ करतंय मेलं!"

पण जीव काही शांत होईना. सकाळी आम्ही उठून हॉलमध्ये आलो तर डायनिंग टेबलवर त्या व्हिलातले लांब दांड्यांचे काचेचे ग्लास रांगेनं मांडलेले आणि सगळे पाण्यानं भरलेले! जग भरलेले, फुलदाण्या भरलेल्या, बाथटब तर काठापर्यंत. टबावर चादर झाकलेली, कचरा पडू नये म्हणून.

"हितं पाणी लई जोरात येतंय रे राजू," वहिनी मला म्हणाल्या. डोळे लाल झालेले, पण समाधान ओसंडून चाललेलं. "येतंय तवर भरून घेतलं."

मी हसलो, पण अण्णा हसले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "म्हणजे काल बी झोपली न्हाई ती."

*

मग अण्णांनी सूत्रं हातात घेतली. वहिनींना स्वयंपाकघरात पाय टाकू द्यायचा नाही असा हुकूम निघाला. पण ही मॉडर्न घरं! ओपन किचन म्हणे. म्हणजे दारच नाही! कडी घालायची कुठं?

अण्णांनी एक खुर्ची उचलली आणि किचनच्या तोंडाशी मांडून बसले. दुकानात गादीवर बसतात तसेच, एक पाय दुमडून. आत स्वयंपाकाच्या बाई आमच्यासाठी शाकाहारी जेवण करत होत्या. वहिनी दोनतीनदा चकरा मारून गेल्या. अण्णा हलले नाहीत.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "जरा सरका की. पाणी प्यायचंय."

अण्णा उठले, आत गेले, ग्लास विसळला, पाणी ओतलं आणि वहिनींच्या हातात आणून दिलं.

वहिनींचा हात तसाच राहिला. त्यांनी अण्णांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तिथूनच ओरडल्या, "राजू! गाडी काढ रे! ह्यांना बरं न्हाई!"

*

एक किस्सा अण्णांचाच सांगायला हवा. पूलमधून बाहेर आलं की अंग पुसायला तिथं जाडजूड टॉवेल देतात. पांढरे, मऊ, गुंडाळी करून वर फूल ठेवलेले. सिद्धू म्हणाला, "बघा अण्णा, काय क्वालिटी आहे! फॉरेनची असणार."

अण्णांनी टॉवेल दोन बोटांत धरून चोळला. काठ उलटा केला. शिवण नखानं तपासली. मग फूल काढून बाजूला ठेवलं आणि तोंड पुसत म्हणाले, "आपल्या एमआयडीसीतला हाय. एवढ्या लांब येऊन सोलापूरलाच अंग पुसायलाव तुमी!"

संध्याकाळी सदानंदांना पकडून त्यांनी पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, सगळ्यांचा भाव सांगितला. सदानंद शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही सुट्टीवर आलाव की इन्स्पेक्शनला?"

*

मला एक काम करायचं होतं. वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मी ठरवलं होतं की ही बाई सुखरूप बाहेर आली तर एकदा तिचे उपकार तोंडानं बोलायचे. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही.

एका संध्याकाळी वहिनी वाळूत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो आणि बोललो. आई गेल्यावर मी रात्री दचकून उठायचो तेव्हा त्या माझ्या उशाशी बसून राहायच्या, ते बोललो. नापास झालो तेव्हा अण्णांच्या आणि माझ्या मध्ये त्या उभ्या राहिल्या होत्या, ते बोललो. दुकानात जीव रमेना तेव्हा माझं ऐकून घेणारी घरात एकच व्यक्ती होती, तेही बोललो. "तुम्ही नसता तर मी कुठं असतो मला माहीत नाही," असंही म्हणून टाकलं.

वहिनी समुद्राकडं बघत सगळं ऐकत होत्या. मग माझ्याकडं वळल्या.

"पॅन्ट वर घे की. लाट यायलीय."

मी पॅन्ट वर घेतली. पण उठताना त्यांनी आधारासाठी माझा हात धरला तो व्हिलाच्या पायरीपर्यंत सोडला नाही. मला तेवढं पुष्कळ झालं.

*

असं सगळं चाललं होतं, पण ज्याच्यासाठी आलो होतो ते काही होत नव्हतं. गादी ढगासारखी मऊ, एसी, समुद्राचा आवाज, आणि वहिनी मात्र टक्क जाग्या. रोज सकाळी अण्णा खोलीतून बाहेर यायचे आणि आमच्याकडं बघून नुसती मान हलवायचे. शेवटच्या दिवशीही तशीच हलवली. सुरेखाला रडूच आलं. एवढं करून आम्ही वहिनींना होत्या तशाच परत नेणार होतो.

अकराला व्हिला सोडायचा होता. आम्ही बॅगा गाडीत टाकत होतो. वहिनी अंघोळ करून, इरकल नेसून तयार होत्या. आम्ही त्यांना पिशवीसुद्धा उचलू देईना, म्हणून रागावून कानडीत गेल्या. आमच्याकडं राग कानडीतच येतो. "साकु!" म्हणाल्या, म्हणजे पुरे झालं, आणि व्हरांड्यातल्या लांब खुर्चीवर जाऊन बसल्या.

गाडी भरून झाली. त्यांना बोलवायला माझी लेक ईशा गेली आणि धावत परत आली. डोळे एवढे मोठे.

"बाबा, मोठी आई झोपते पण?"

आम्ही सगळे धावलो. वहिनींची मान एका बाजूला कलली होती, एक चप्पल पायात, एक खाली पडलेली. सिद्धूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आईच्या नाकापुढं हात धरला. कुणीही श्वास घेत नव्हतं.

आणि वहिनी घोरल्या!

चांगल्या मोठ्यानं, सूर लावून घोरल्या. सुरेखानं तोंडात पदर कोंबला. सिद्धू खालीच बसला. अण्णांनी मात्र ओठावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना डोळ्यांनी असा दम दिला की ईशानं आपली चप्पल काढून हातात घेतली.

तेवढ्यात सदानंद आले. हळूच म्हणाले, "साहेब, अकरा वाजून गेले. पुढची पार्टी फाटकाशी आलीय."

आयुष्यात कुणाला एक मिनिट थांबवलं नाही असे आमचे अण्णा, स्वतः फाटकाशी गेले. मीही मागं गेलो. नाशिकहून आलेलं कुटुंब होतं. आजी, मुलगा-सून, नातवंडं, नातवंडांच्या कमरेला आधीच फुगवलेल्या रबरी ट्यूब. अण्णांनी त्या आजींपुढं हात जोडले.

"माफ करा. आमच्या घरातली झोपलीय. ऑपरेशन झाल्यापासून डोळा लागला नव्हता."

"कधी झालं ऑपरेशन?" आजींनी विचारलं.

अण्णांनी ते सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "खरं बघायला गेलं तर लग्न झाल्यापासून झोपली न्हाई ती."

आजी गाडीतून उतरल्या. मुलाला म्हणाल्या, "हॉर्न वाजवू नकोस." नातवंडांना म्हणाल्या, "जो ओरडेल त्याला समुद्र नाही." आणि पदर सावरत सरळ आमच्या व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसल्या.

मग ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. सोलापूरचं एक कुटुंब आणि नाशिकचं एक कुटुंब, एकाच पायरीवर दाटीवाटीनं बसलेलं. सगळं बोलणं कुजबुजत. अण्णा त्या मुलाला पैठणी आणि इरकल यांतला फरक कानात सांगतायत. ट्यूब घातलेली पोरं ईशाबरोबर खुणांनी खेळतायत. सदानंद गवतावरून टाचा उचलून चालतायत. सूर्य डोक्यावर आला, सावली सरकली, तशी आजींनी आपली छत्री उघडून वहिनींच्या तोंडावर ऊन येणार नाही अशी धरायला सुनेच्या हातात दिली.

दुपार चांगली कलली तेव्हा वहिनींनी डोळे उघडले.

त्यांनी छत्री पाहिली. छत्री धरणारी अनोळखी सून पाहिली. पायरीवर बसलेली सगळी माणसं पाहिली. ताडकन उठून पदर खांद्यावर घेतला आणि आमच्याकडं असं बघितलं की अण्णासुद्धा उभे राहिले.

"पाहुणे येऊन बसल्यात, आणि मला उठवायचं न्हाई व्हय?"

मग नाशिकच्या आजींकडं वळून, दोन्ही हात जोडून, तोंड भरून हसत म्हणाल्या,

"आता आलाव तर जेवूनच जावा की!"