यादीत नाव होतं

शिगवण काकांचं नाव आधी घेतो. पोलादपूरजवळच्या आमच्या गावात ते टपाल वाटायचे. पनवेलच्या ऑफिसात त्या दुपारी फोन वाजला, आणि तो दिवस संपेपर्यंत मला त्यांचीच आठवण झाली.

फोन खारघरच्या मुलींच्या वसतिगृहातून होता. आमच्या नेहा मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. रेक्टरबाई म्हणाल्या, "प्रवेशासाठी सकाळी नऊपासून टेबल मांडून बसलेय. यादीत चोवीस मुली आहेत. एकही आली नाही. पाचला टेबल उचललं की जागा वेटिंग लिस्टला जाणार. यादीची तुमची साईट चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणालो. "सकाळपासून एकही तक्रार नाही."

हे मी अभिमानाने म्हणालो.

सकाळ फार सुंदर गेली होती. पाऊस उघडला होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका ढगातून वर यायचा, पुन्हा बुडायचा. मधूनच एखादं विमान उलव्याकडे अलगद उतरायचं. फोन गप्प होते. कुठेतरी मुली आपलं नाव बघून हसत असतील, असं मला वाटत होतं. चहा पिता पिता ते हसणं मला जवळजवळ ऐकू येत होतं.

आमचं पान अगदी साधं होतं. फॉर्म नंबर टाकायचा. नाव असेल तर अभिनंदन, नसेल तर 'आपले नाव यादीत नाही'. रेक्टरबाईंकडून मी एक खरा नंबर घेऊन टाकला. पान म्हणालं, नाही. दुसरा टाकला. नाही.

चूक कुठे होती, ते मला लगेच कळलं. कारण ती मी आदल्याच दिवशी केली होती.

यादी वरून खाली एकेक करून बघणं, याला आम्ही लूप म्हणतो. नाव सापडलं की दोन गोष्टी व्हायला हव्यात. बघणं थांबायला हवं आणि ज्याने विचारलं त्याच्याकडे उत्तर जायला हवं. जुन्या फॉर लूपमध्ये 'रिटर्न' हा एक शब्द लिहिला की दोन्ही होतं. मी तसंच लिहिलं होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या फैझानने ते पाहिलं. फैझान पनवेलचाच. मनाने चांगला, जीभ मात्र तिखट.

"क्या बात है! फॉर लूप? आमच्या अब्बांच्या जमान्यातलं रे हे. आता फॉर-ईच लिहितात."

मी महाडला शिकलो. आपलं काही गावठी दिसू नये, ही भीती अजून गेलेली नाही. 'रिटर्न' तसाच ठेवून मी लूप बदलला.

फॉर-ईचमध्ये प्रत्येक नावापाशी जणू एक वेगळा माणूस उभा असतो. त्यातला एक ओरडतो, "सापडलं!" पण ते फक्त फॉर-ईचला ऐकू जातं, आणि फॉर-ईच कुणाचं ऐकून घेत नाही. तो पुढच्या नावाकडे जातो. यादी संपते. ज्याने विचारलं होतं त्याच्या हाती काहीच येत नाही, आणि आमचं पान 'काहीच नाही'चा अर्थ 'नाव नाही' असा घेतं. तपासताना मी एक खोटा नंबर टाकला होता. नाव नाही, असं पान म्हणालं. बरोबरच म्हणालं.

फॉर लूप परत लावला. दोन मिनिटं लागली. "अभिनंदन," पान म्हणालं.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"पान झालं. पण सकाळपासून ज्यांनी 'नाही' वाचलं, त्यांचं काय?"

तक्रार का आली नाही, तेही तेव्हा कळलं. माझ्यासारख्या घरातल्या माणसांना 'नाही' दिसलं, तर ती हुज्जत घालत नाहीत. पिशवी उचलतात आणि घरी जातात.

रेक्टरबाईंनी एक सवलत दिली. जी मुलगी पाचच्या आत फोनवर 'येते' म्हणेल, तिची जागा उद्यापर्यंत राहील. फैझान आणि मी यादी वाटून घेतली. फैझानने एकदाही विनोद केला नाही. अडीचपर्यंत तेवीस होकार आले. राहिली सुवर्णा जाधव, पालीकडची. तिच्या वडिलांचा फोन बंद होता. फॉर्मवर शेजाऱ्यांचा नंबर होता.

शेजारी म्हणाले, "ते सकालीच पनवेलला गेले, पोरीची ब्याग घेऊन. तिथं झेरॉक्सवाल्यानं बघून सांगितलं, नाव नाय. मंग तिकडनंच त्यांनी फोन केलेला. तीनच्या गाडीनं माघारी येतायत."

मी उठलो.

"आधी क्लायंटला चूक कळवणारा मेल गेला पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"आल्यावर लिहितो."

"मी जा म्हटलेलं नाही."

"हो मॅडम," म्हणालो आणि रिक्षा पकडली.

स्टँडवर दुपारची गुंगी होती. माणसं गाठोड्यांना टेकून पेंगत होती. तो फलाट मला तळ्याच्या तळाशी असल्यासारखा दिसला. पालीची गाडी सुरू होऊन थरथरत होती. मी पायरीवर चढून हाक मारली, "सुवर्णा जाधव!"

कुणी हललं नाही. पुन्हा हाक मारली. मागच्या खिडकीपाशी एका मुलीने हात अर्धा वर केला, वर्गात करतात तसा.

"तुझं नाव यादीत आहे."

तिचे वडील उभे राहिले. "नाय म्हणून दाखवलं ना त्यात?"

"माझी चूक झाली. ते पान मी लिहिलंय."

"मंग नीट लिवा की ओ! पोर सकालपासून जेवली नाय."

"उतरायचं तर उतरा," कंडक्टर ओरडला. "गाडी हाय ही, देवलाची पायरी नाय!"

मी रेक्टरबाईंना फोन लावून सुवर्णाकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. "येते," ती म्हणाली. मग, पलीकडे ऐकू गेलं नसेल असं वाटून, मोठ्याने पुन्हा म्हणाली, "येते!" अख्ख्या गाडीने मागे वळून पाहिलं.

रात्र व्हायच्या आत मेल गेला. मॅडम रागावल्या, आणि आता आमच्याकडे नियम आहे: 'नाही' तपासतो तेवढंच 'आहे'सुद्धा तपासायचं.

त्या रविवारी मी हे पत्र टाकलं.

*ती. शिगवण काकांस सा. न.*

*महाडच्या वसतिगृहाचं माझं पत्र आलं, त्या दिवशी आमच्या घराला कुलूप होतं. उरलेलं टपाल तसंच पिशवीत ठेवून तुम्ही नदी ओलांडलीत आणि आमच्या लावणीच्या शेतात आलात. पत्र देऊन निघाला नाहीत. "वाच. जातोस का नाय ते ऐकल्याबिगर मी हलनार नाय," असं म्हणून बांधावर बसलात. मी "जातो" म्हणालो, तेव्हा उठलात.*

*परवा एका मुलीने गाडीत "येते" म्हटलं. ते ऐकून मला तो बांध दिसला. आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानतो.*

*पत्र पोचल्याचं दोन ओळींत कळवा. उत्तर आलं नाही, तर पोचलं नाही असं धरून बसणार नाही. येऊन बघेन.*

*तुमचा,*
*सुरेश*