तीन हजार त्रिकोणांची म्हैस

साजगावातल्या आमच्या शेजारची मुलगी व्हिडिओ गेमची चित्रकला शिकते. दर वाक्याला ती "खरं सांगा हां, काका" म्हणते आणि खरं सांगितलं की रुसते. पहिलं काम म्हणून तिनं लॅपटॉपवर घरची म्हैस आणि बाजूला उभे आपले वडील घडवले. गेममधली आकृती बारीक त्रिकोण जोडून बनते; वापरायला त्रिकोण मिळाले होते तीन हजारच, आणि काम संध्याकाळी क्लासला पाठवायचं होतं. मी मोजून सांगितलं, "म्हशीला सड तीनच आहेत."

"त्रिकोण संपले, काका!"

तिची आई कडाडली, "चौथा सड नाय, तर आपली म्हैस पाठवायची नाय!"

पोरगी फुरंगटली. मग तिनं वडिलांचे दोन्ही कान काढले. तेवढे त्रिकोण एका सडाला बरोबर पुरले.

आईनं निरखून पाहिलं. "पाठव गं. नायतरी ते ऐकतात कुठं!"